मैदानात उतरू न दिलेला मुलगा संघ कसा घडवतो : बास्केटबॉल कोच जॉन मॅकलेंडन



शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस जवळ आले की आपल्याकडे एकच धावपळ सुरू होते. पी.टी.चे सर वर्गावर्गांतून फिरतात. उंच मुलगा दिसला की घे संघात! आठ-दहा दिवस सराव, कुठून तरी जमवलेले टी-शर्ट, आणि निघाली गाडी तालुक्याला. जिंकलो तर पेढे, हरलो तर पंचांना नावं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. संघ 'निवडायचा' असतो हे आपल्याला माहीत आहे, पण संघ 'घडवायचा' असतो हे आपण विसरतो.

म्हणून आज एका अशा माणसाची जीवनकथा सांगतो, ज्याला स्वतःच्या विद्यापीठाच्या संघात खेळायची परवानगी नव्हती. कारण एकच, कातडीचा रंग. तरीही त्याने बास्केटबॉल हा खेळ जसा आज खेळला जातो, तसा वेगवान करण्यात फार मोठा वाटा उचलला. त्याचं नाव जॉन मॅकलेंडन. गोष्ट अमेरिकेची आहे, पण वाचताना तुम्हाला तुमचा वर्ग आठवल्याशिवाय राहणार नाही.

एक दरवाजा उघडला

जॉनचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात हायावाथा या गावी झाला. त्या काळात अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या लोकांचं जगणं वेगवेगळं वाटून दिलेलं होतं. दक्षिणेकडच्या राज्यांत तर शाळा, बस, हॉटेल, पाण्याचा नळ सगळंच वेगळं, आणि तसा कायदाच होता. कॅन्ससमध्ये कायदा तितका कडक नव्हता, पण रीत तीच.

जॉनला लहानपणीच बास्केटबॉलचं वेड लागलं. आपण मोठेपणी कोच व्हायचं, हे त्याने शाळेत असतानाच मनाशी ठरवलं होतं. आता योगायोग पाहा. ज्या माणसाने हा खेळ शोधून काढला, ते डॉ. जेम्स नाइस्मिथ त्याच राज्यात, लॉरेन्स गावच्या कॅन्सस विद्यापीठात शिकवत होते. नाइस्मिथ सरही हाडाचे शिक्षकच. १८९१ च्या डिसेंबरमध्ये, थंडीमुळे बाहेर खेळता येत नाही म्हणून वैतागलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, १३ नियम लिहिले आणि खेळ सुरू केला. म्हणजे बास्केटबॉलचा जन्मच मुळी एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला!

१९३३ साली जॉनचे वडील त्याला लॉरेन्सला घेऊन आले. जा, नाइस्मिथांना भेट आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असं सांग, एवढंच वडिलांनी सांगितलं. पोरगा गेला. दारात उभा राहून म्हणाला की तुम्ही माझे मार्गदर्शक आहात. हे तुला कोणी सांगितलं, असं सरांनी विचारलं. वडिलांनी, असं जॉन म्हणाला. वडील सांगतात ते बरोबरच असतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून सरांनी त्याला आत घेतलं.

विचार करा, त्या दिवशी सरांनी नियम दाखवून त्याला परत पाठवलं असतं, तर?

पोहण्याच्या तलावातलं पाणी

आत घेतलं खरं, पण विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात काळ्या विद्यार्थ्यांना जागा नव्हती. खेळ शोधणारे गुरू समोर, आणि शिष्याला त्याच खेळाच्या मैदानावर उतरायला बंदी!

दुसरा प्रश्न पोहण्याचा आला. शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची तर पोहण्याची परीक्षा द्यावी लागे. पण विद्यापीठाचा तलाव काळ्या विद्यार्थ्यांसाठी बंद होता. मग पळवाट अशी की त्यांनी पाण्यात न उतरताच उत्तीर्ण व्हायचं. बहुतेकांनी ते मुकाट्याने मान्य केलं असेल. जॉनने केलं नाही. फुकटचे गुण नकोत, पोहायचंच, असा हट्ट धरून तो तलावात उतरला. त्यानंतर तलावातलं सगळं पाणी काढून टाकण्यात आलं. महाडच्या चवदार तळ्याचा धडा शिकवणाऱ्या आपल्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. जॉन मागे हटला नाही, नाइस्मिथ सर त्याच्या पाठीशी राहिले आणि शेवटी तो तलाव सगळ्यांसाठी खुला झाला.

१९३६ मध्ये जॉनला पदवी मिळाली. कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढच्या शिक्षणासाठीही सरांनी मदत केली आणि १९३७ मध्ये आयोवा विद्यापीठातून त्याने पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं.

सरांकडून जॉनने आणखी एक गोष्ट घेतली. खेळ फक्त बास्केटच्या आसपास नसतो, तो पूर्ण मैदानावर असतो. चेंडू जिथे असेल तिथूनच चढाई सुरू करायची, आणि चेंडू गमावला तर तिथूनच बचाव. तेव्हाचे बहुतेक संघ चेंडू घेऊन सावकाश पुढे यायचे, जागा धरायचे, पास देत राहायचे आणि संधी दिसली की नेम धरायचे. धावपळीच्या खेळाला काही जण शिस्त नसलेला खेळ म्हणत. मॅकलेंडन यांनी दाखवून दिलं की वेगालाही शिस्त लागते. उलट जास्तच लागते.

फास्ट ब्रेक म्हणजे नुसतं पळणं नव्हे

१९३७ मध्ये मॅकलेंडन नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात, कृष्णवर्णीयांसाठीच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात रुजू झाले. १९४० मध्ये ते तिथले मुख्य कोच झाले आणि १९५२ पर्यंत राहिले. माणूस अंगाने लहानखुरा, बोलणं हळू. कोच म्हणजे कोर्टाच्या कडेला उभं राहून ओरडणारा, हे चित्र त्यांना लागू पडत नव्हतं.

त्यांची पद्धत जरा सविस्तर समजून घेऊ, कारण आपल्या पी.टी.च्या सर-मॅडमना ती नक्की उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, दम. हंगाम सुरू होण्याआधी त्यांचे खेळाडू लांब पल्ल्याचं पळायचे. कारण साधं आहे. दमलेला खेळाडू आधी डोक्याने हरतो, मग पायाने. शेवटच्या पाच मिनिटांत समोरचा संघ वाकून गुडघ्यावर हात ठेवतो, तेव्हा आपला संघ ताजातवाना असला पाहिजे.

दुसरी गोष्ट, रांगा. समोरच्या संघाचा नेम चुकला आणि चेंडू बोर्डवरून परत आला, की फास्ट ब्रेक सुरू. ज्याने चेंडू पकडला त्याने खाली बघायचं नाही, टप्पे मारत बसायचं नाही. तिथल्या तिथे वळून कडेला उभ्या असलेल्या जोडीदाराला पास. त्याने तो मैदानाच्या मधोमध पळणाऱ्याला द्यायचा. मधला चेंडू घेऊन सुसाट पुढे, आणि दोन जोडीदार डाव्या-उजव्या बाजूने. म्हणजे तीन जण तीन रांगांत. समोर बचावाला तोपर्यंत एक किंवा दोनच जण पोहोचलेले असतात. मधला खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेपाशी येतो. बचाव करणारा त्याच्या अंगावर आला की कडेचा मोकळा, नाही आला की तो स्वतः मोकळा. सगळा खेळ पाच-सहा सेकंदांचा.

यात गंमत कुठे आहे बघा. कडेने पळणाऱ्या दोघांपैकी एकाला बहुतेक वेळा चेंडू मिळतच नाही. तरीही त्याला जीव तोडून पळावंच लागतं, कारण तो पळाला नाही तर दुसरा मोकळा होत नाही. आपल्याला चेंडू मिळणार नाही हे माहीत असूनही पळणारा मुलगा तयार करणं, हे खरं कोचिंग.

तिसरी गोष्ट, पूर्ण मैदानभर दबाव. चेंडू समोरच्यांकडे गेला की मागे धावत येऊन वाट बघायची नाही. तिथेच गाठायचं. चेंडू १० सेकंदांत अर्ध्या रेषेच्या पुढे न्यायचा नियम तेव्हा आलेलाच होता. त्यामुळे समोरचा संघ घाबरतो, घाईत पास देतो आणि चुकतो. चढाई आणि बचाव ही दोन वेगळी कामं न राहता एकच होऊन जातात.

कुलूप लावून खेळलेला सामना

आता ती घटना, ज्यासाठी ही सगळी गोष्ट सांगावीशी वाटली.

१९४४ साल. दुसरं महायुद्ध चालू. डरहॅममध्येच श्रीमंत ड्यूक विद्यापीठ होतं, आणि तिथे काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. तिथल्या मेडिकल कॉलेजात सैन्याच्या योजनेतून डॉक्टरकीचं शिक्षण घ्यायला देशभरातून मुलं आली होती. त्यातले काही आधीच्या कॉलेजांचे नावाजलेले बास्केटबॉल खेळाडू. त्यांचा संघ जबरदस्त होता. इकडे मॅकलेंडन यांच्या संघाने त्या हंगामात फक्त एक सामना गमावला होता. पण राष्ट्रीय स्पर्धांचे दरवाजे त्यांना बंद.

दोन्हीकडचे काही विद्यार्थी वाय.एम.सी.ए.च्या बैठकींना गुपचूप भेटत असत. तिथे कोणाचा संघ भारी यावर वाद झाला आणि मग निरोप गेला, हिंमत असेल तर खेळून दाखवा.

बोलायला सोपं होतं. काळे आणि गोरे एकत्र खेळणं त्या शहरात गुन्ह्यासारखंच होतं. धोका किती होता हे कळायला एकच उदाहरण पुरे. त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच डरहॅममध्ये, बसमध्ये मागे जाऊन बसण्यावरून वाद झाला म्हणून बुकर स्पाइसली या गणवेशातल्या कृष्णवर्णीय सैनिकाला बसच्या ड्रायव्हरने गोळी घालून मारलं, आणि पंचमंडळाने ड्रायव्हरला निर्दोष सोडलं. आपल्या मुलांच्या जिवाची, कॉलेजची, नोकरीची जबाबदारी मॅकलेंडन यांच्यावर होती. त्यांचं वय तेव्हा २८.

त्यांनी होकार दिला. मात्र तयारी पक्की केली. दिवस रविवारचा, १२ मार्च. वेळ सकाळची, जेव्हा गावातले लोक आणि पोलीसही चर्चमध्ये असतील. प्रेक्षक नाहीत, गाजावाजा नाही. ड्यूकची मुलं गाड्यांतून आडवळणाने आली आणि डोक्यावर कोट ओढून व्यायामशाळेत शिरली. आतून कुलूप. तरी काही विद्यार्थ्यांना कुणकुण लागलीच, ते खिडक्यांवर चढून बघत राहिले.

सुरुवातीला दोन्ही संघांचे हात कापत होते. साधे पास चुकत होते. त्या मुलांनी समोरच्या रंगाच्या माणसाबरोबर घाम गाळत कधी खेळलेलंच नव्हतं. मग हळूहळू भीती ओसरली आणि मॅकलेंडन यांचा संघ पळायला लागला. बोर्ड, कड, मध्य, बास्केट. पुन्हा तेच. नावाजलेल्या खेळाडूंना काय चाललंय ते कळेना. शेवटी गुण झाले ८८ विरुद्ध ४४. बरोबर दुप्पट!

पण माझ्या मते खरा सामना त्यानंतरचा आहे. थोडी विश्रांती झाल्यावर मुलांनीच संघ मिसळले. काळे-गोरे एकाच बाजूला, काळे-गोरे दुसऱ्या बाजूला, आणि पुन्हा खेळले. नंतर होस्टेलवर बसून गप्पा मारल्या. मग पाहुणे जसे आले तसे निघून गेले. कोणी वाच्यता केली नाही. स्थानिक वर्तमानपत्राच्या एका बातमीदाराला कळलं होतं, त्यानेही बातमी छापली नाही. पन्नासहून जास्त वर्षं ही गोष्ट जवळजवळ कोणालाच माहीत नव्हती. १९९६ मध्ये इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी ती लिहिली तेव्हा जगाला कळली.

जिंकल्याची बातमी नाही, चषक नाही, फोटो नाही. तरी त्या खोलीतल्या प्रत्येक मुलाला त्या सकाळी काय शिकायला मिळालं असेल, याचा विचार करा.

मैदानाबाहेरची रणनीती

१९५४ मध्ये मॅकलेंडन नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय कॉलेजात गेले. काळ्या कॉलेजांनाही राष्ट्रीय स्पर्धेत घ्या, यासाठी ते आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं झगडत होते. लहान कॉलेजांच्या एन.ए.आय.ए. या संघटनेने अखेर दार उघडलं. कॅन्सस सिटीत खेळायला बोलावलं, तेव्हा मॅकलेंडन यांनी अट घातली. बाकीचे संघ ज्या हॉटेलात उतरतात, तिथेच माझी मुलं उतरतील. खेळायला आत आणि जेवायला बाहेर, हे चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, याचा खेळाशी काय संबंध? खूप आहे. रात्री अपमान गिळून झोपलेला मुलगा सकाळी मोकळेपणाने पळू शकत नाही. ज्या संघाला ठाऊक असतं की आपले सर आपल्यासाठी उभे राहतात, तो संघ सरांसाठी शेवटच्या सेकंदापर्यंत पळतो. माझ्या दृष्टीने हीच त्यांची सगळ्यात मोठी रणनीती होती.

निकाल? १९५७, १९५८ आणि १९५९, सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद! कॉलेज बास्केटबॉलमध्ये लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारे ते पहिलेच कोच. त्या संघातला डिक बार्नेट पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून गाजला आणि नंतर त्याने शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. डरहॅमला त्यांच्या हाताखाली आलेला सॅम जोन्स पुढे बोस्टन सेल्टिक्सकडून दहा वेळा विजेता ठरला.

१९६१ मध्ये क्लीव्हलँड पायपर्स या व्यावसायिक संघाचे ते कोच होते. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय मुख्य कोच ही तेव्हा नवलाचीच गोष्ट. पण खेळाडूंचे पगार थकू लागले, मालकांशी खटके उडाले. खेळाडूंच्या बाजूने उभं राहून मॅकलेंडन यांनी भर हंगामात राजीनामा दिला. तलावाच्या काठावरचा तो हट्टी विद्यार्थी अजून तसाच होता म्हणायचा.

१९६६ मध्ये ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. जिथे बहुसंख्य विद्यार्थी गोरे, अशा विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. सगळंच यश मिळालं असं मात्र नाही. १९६९ मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघात ९ विजय आणि १९ पराभव झाल्यावर त्यांना काढून टाकण्यात आलं. मुलांना थोरांची चरित्रं सांगताना ही पानं आपण गाळतो. गाळू नका. चांगल्या शिक्षकाचंही एखादं वर्ष वाया जातं, हे मुलांना कळू द्या.

१९७९ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव घेतलं गेलं, पण खेळाला योगदान देणारे म्हणून. ज्या हॉलला त्यांच्या गुरूंचं, नाइस्मिथांचं नाव आहे, तिथे कोच म्हणून त्यांचा समावेश व्हायला २०१६ साल उजाडलं. मॅकलेंडन तर ८ ऑक्टोबर १९९९ रोजीच, वयाच्या ८४ व्या वर्षी गेले होते.

आपल्या शाळेसाठी

आता हे आपल्या पटांगणावर कसं आणायचं? मला सुचलेल्या काही गोष्टी सांगतो, तुम्ही भर घाला.

१. दम आधी, डावपेच नंतर. लहान मुलांना नुसत्या फेऱ्या मारायला लावू नका, कंटाळतात. शिवाशिवी, साखळी, खो-खो घ्या. पळणं आपोआप होतं.

२. रोज दहा मिनिटं टप्पे बंद! फक्त पास देत खेळायचं. चेंडू स्वतःकडे ठेवणाऱ्या मुलाला जोडीदार दिसायला लागतो. मग तीन रांगांचा सराव आधी बचावाशिवाय, नंतर तिघांविरुद्ध दोघे.

३. शाबासकी फक्त बास्केट करणाऱ्याला देऊ नका. चेंडू मिळाला नाही तरी कडेने पळालेल्या मुलाचं नाव सगळ्यांसमोर घ्या. पालकांनो, घरी आल्यावर किती गुण केलेस हे विचारण्याआधी कोणाला पास दिलास ते विचारा.

४. सूचना छोटी आणि नेमकी. नीट खेळ, असं ओरडून काही होत नाही. चेंडू पकडलास की आधी कडेला बघ, हे मुलाला कळतं.

५. स्पर्धेला नेताना डावपेचांच्या आधी मुलांची राहायची जागा, जेवण, पाणी आणि मुलींसाठी कपडे बदलायची खोली बघा. ते बघणं कोचचंच काम आहे. आणि ज्याच्याकडे बूट नाहीत, त्याला त्याची लाज वाटू नये याची तजवीजसुद्धा.

शेवटी एवढंच. उद्या संघनिवडीच्या वेळी दाराशी एखादं बुटकं, बारकं पोर येऊन उभं राहील. कदाचित यादीत त्याचं नाव बसणार नाही. पण त्याला आत घ्यायचं की नाही, हे ठरवताना लॉरेन्स गावचा तो दरवाजा जरूर आठवा.